व्याह्यांच्या होडीची अँटेना

साल २०२३, मी त्र्याहत्तर वर्षांचा. एवढ्या वर्षांत माझ्या व्याह्यांइतका ताठ माणूस मी बघितला नाही, आणि मी काही थोडी माणसं बघितलेली नाहीत. म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, हातकणंगल्याचे. जेवताना ताट स्टुलावर ठेवणार, पण मान खाली घालणार नाहीत. आमच्या पोरांच्या लग्नात फोटोवाला म्हणाला, "काका, जरा वाका, डोकं फोटोत मावंना." तर म्हणाले, "मग कॅमेरा वर घे की." मीही काही वाकणारा नव्हे. त्यामुळं समोरासमोर आम्ही दोन खांबांसारखे बसायचो आणि तेच आम्हाला आवडायचं.

शिरोलीच्या कारखान्यातनं निवृत्त झाल्यावर माणूस शेळ्या पाळतो. ह्यांनी होडी घेतली. समुद्र मालवणला आणि होडी कोल्हापुरात, हे मला आजतागायत उलगडलं नाही. म्हणे, नवी वस्तू आधी पावण्यांच्या दारातनं मिरवून न्यायची. झालं, शिवाजी पेठेत माझ्या दारात ट्रॅक्टरमागं होडी! मागोमाग मालवणहून रेडिओ बसवणारा आला. मी विचारलं, "गाणी लागत्यात काय?" तो म्हणाला, गाणी नाहीत, बुडायला लागलं तर हाका मारायच्या. मग बुडायलाच कशाला जायचं, ते मला कळेना. त्यानं छतावर माझ्या दीडपट उंच पांढरी काठी उभी केली. तीच अँटेना. आणि बजावलं की केबल मुडपू नका, काठी जोडल्याशिवाय बोलायचं बटण दाबू नका, आणि रस्त्यानं नेताना खटका ओढून ती मागं आडवी पाडा, वर विजेच्या तारा असतात. व्याही सगळ्याला "व्हय, व्हय" म्हणाले आणि तो चहाला वळताच त्यांनी होकायंत्राशेजारी घोड्याची नाल ठोकली, दृष्ट लागू नये म्हणून. काटा जो नालेकडं वळला तो हलेना. मला वाटलं, होडी नवी, तिची उत्तर दिशाही नवी असेल. त्या बिचाऱ्यानं कपाळाला हात लावला आणि नाल उपटली.

हलगी वाजली, गुलाल उडाला, मिरवणूक निघाली. अँटेनेला फेटा बांधून, ज्योतिबाच्या यात्रेत उंच सासनकाठी धरावी तशी ती धरून व्याही होडीत उभे. मी बाजूनं चाललो होतो. वळणावर बघतो तर समोर विजेची तार, लोंबलेली. रेडिओतलं मला काही कळत नव्हतं, पण तार कळते.

"पावणं, काठी पाडा!"

"मिरवणुकीत काठी पाडत्यात व्हय? पोराकडचा हाय मी, वाकायचा न्हाय!"

हलगीपुढं ट्रॅक्टरवाल्याला माझं ओरडणं ऐकू जाईना. तार तर हातभरावर आली. माझ्या तोंडातनं निघून गेलं, "अवो, ज्योतिबाचा डोंगर मागं हाय! काठीनं नमस्कार घाला!"

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. खटका ओढला. काठी मागं आडवी झाली आणि तिच्याबरोबर मागं तोंड करून व्याहीही कमरेत वाकले. तार त्यांच्या पाठीवरनं गेली.

वळण सरल्यावर हळूच म्हणाले, "पावणं, डोंगर उजव्या अंगाला ऱ्हायला. मागं तुमचं घर हाय."

पोराकडच्या माणसानं पोरीच्या बापाच्या घराला वाकावं, असं आमच्यात होत नाही. संध्याकाळी होडी घाट उतरून मालवणला गेली, आणि व्याही आता तिकडंच राहणार म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून मी गच्चीवर गेलो. समुद्र कुठल्या अंगाला, ते काही कळेना, आणि ह्या वयात विचारायचं कुणाला? मग चारी बाजूंना वाकलो. एका बाजूला तर असेलच की.