दुपारचा अर्धा तास

२०२१ चा मार्च संपता संपता श्रीकांतचा फोन आला. "अलकाताई, मंजू पहाटे गेली," एवढंच तो म्हणाला, आणि मी "बरं" म्हणाले, जणू त्याने येताना दूध आणायला सांगितलं होतं. न्यूमोनिया होऊन आठ दिवस ती हॉस्पिटलात होती आणि कोविडमुळे भेटायला कुणालाच सोडत नव्हते. अंत्यविधीला दहा माणसांची परवानगी होती. त्या दहांत मी नव्हते. मी साडी नेसून, पायात बूट घालून, माझ्याच स्वयंपाकघरात लॅपटॉपसमोर बसले होते. बूट का घातले ते मला अजून सांगता येणार नाही.

मंजू, म्हणजे मंजिरी, ही आयर्लंडमधल्या गॉलवेतली माझी पहिली मैत्रीण. पुण्यात शाळेत गणित शिकवायची, नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आली. श्रीकांत वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात आहे. लोकांच्या हृदयात बसवायच्या नळ्या नीट आहेत की नाहीत, हे तो दिवसभर तपासतो. पहिली काही वर्षं ती मला भर वाऱ्यात समुद्रकाठी ओढत न्यायची आणि मी कुरकुरले की म्हणायची, "अलका, तू चालतेस कमी आणि बोलतेस जास्त." मग तिचेच पाय अडखळायला लागले. मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जातंतूंचा आजार. काठी झाली, वॉकर झाला, चाकाची खुर्ची आली. जिना चढता येईना तेव्हा पलंग खाली बैठकीच्या खोलीत आला, आणि पलंगाशेजारी सरकारकडून मिळालेली कमोडची खुर्ची. त्या खुर्चीचा तिला फार राग. बैठकीत पाहुणे बसतात, तिथे ही असली वस्तू, म्हणायची.

आता माझ्या गुन्ह्याबद्दल सांगते. २०२० च्या जानेवारीत आरोग्यखात्याची नर्स घरी येणार होती. घरी मदतीला रोज किती वेळ माणूस पाठवायचं, ते ती बघून ठरवणार होती. आपल्याकडे कोणी घर बघायला येणार म्हटल्यावर काय करतात? मी तेच केलं. सकाळी आठलाच जाऊन पोचले. भांडी घासली, पलंगावर नवी चादर घातली, पॅडचे पुडे कपाटात कोंबले, कमोडची खुर्ची मागच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. मंजूला इस्त्रीची सुती साडी नेसवली, वेणी घातली, वर टिकली लावली. पोहे केले. नर्स आली, खोबरं-कोथिंबीर घातलेले पोहे दोनदा मागून खाल्ले आणि घराचं कौतुक केलं. "स्वतःचं आवरता येतं का?" तिने विचारलं. मंजू हसून म्हणाली, "आय मॅनेज." मी स्वयंपाकघरातून पुस्ती जोडली, "शी इज व्हेरी स्ट्राँग." झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आम्ही दोघी आईच्या दुधाबरोबर प्यायलेल्या. नर्स गेल्यावर मंजू दोन दिवस पलंगावरून उठू शकली नाही. नर्सच्या कागदावर हे दोन दिवस अर्थातच नव्हते.

पत्र आलं. सोमवार ते शुक्रवार, सकाळी अर्धा तास. कारण घर व्यवस्थित आहे आणि कुटुंबाचा आधार चांगला आहे.

त्या अर्ध्या तासाला नोरीन यायची. साठीला टेकलेली, मोठ्याने बोलणारी, हाताने मऊ. ती मंजूला पुसून, कपडे बदलून खुर्चीत बसवायची आणि पुढच्या घरी पळायची. श्रीकांत संध्याकाळी सहाला येणार. म्हणजे रोज नऊ वाजता मंजूपुढे एकच प्रश्न असायचा. उठायचं म्हटलं तर सहापर्यंत खुर्चीत, पाठीतून कळा येत असताना, कारण परत आडवं करायला कोणी नाही. नाही उठायचं म्हटलं तर दिवसभर छताकडे बघत पडायचं. "दोन्हीपैकी कोणता तुरुंग ते निवडायचं स्वातंत्र्य आहे मला," ती म्हणायची. तिला जास्त काही नको होतं. दुपारी एक वाजता कोणीतरी येऊन तिला अर्धा तास द्यावा, पलंगावर आडवं करावं. बस, एवढंच.

मग मार्चमध्ये सगळंच बंद झालं. नोरीन काही आठवडे आली नाही, नंतर मास्क लावून यायला लागली. श्रीकांतचा कारखाना चालू होता. त्यांची ईशा तेव्हा पंधरा वर्षांची, वरच्या खोलीत तिची ऑनलाइन शाळा. दोन तासांच्या मध्ये ती खाली यायची आणि म्हणायची, "आई, आय कॅन लिफ्ट यू, आय'म वेल एबल." मंजू नको म्हणायची. एकदा कळ असह्य झाली तेव्हा तिने लेकीला उचलू दिलं, आणि दोघी पडल्या, श्रीकांत येईपर्यंत जमिनीवरच बसून राहिल्या. हे मला तिने खिडकीतून सांगितलं. आम्ही तेव्हा तशाच भेटायचो. मी बाहेर पावसात छत्री धरून, ती आत खुर्चीत, दोघींच्या कानाला फोन आणि मध्ये काच. "लेकीच्या पाठीवर माझं ओझं नको गं," ती म्हणाली. "दुपारी कोणीतरी हवं… नाहीतर ही पोर आयुष्यभर माझ्यापाशी अडकेल." मला तेव्हा शेडमध्ये नेलेली खुर्ची आठवली. आपल्या नव्हे, मी तिच्या पायावर धोंडा मारला होता.

ऑक्टोबरात फेरतपासणी ठरली, तीही फोनवर. नोरीनने तिला बजावलं होतं, "चांगला दिवस सांगू नकोस लव्ह, सगळ्यात वाईट दिवस सांग." आम्ही काचेच्या दोन बाजूंनी चार दिवस तालीम केली. घरच्या फोनवर नर्सचा फोन आला तेव्हा मी खिडकीशी होते; तो तिने स्पीकरवर घेतला आणि मोबाइलवर माझा कॉल चालू ठेवला, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. तीच नर्स. "हाऊ आर यू कीपिंग, मंजिरी?" आणि हिच्या तोंडून इथल्या लोकांसारखं निघालं, "अह, ग्रँड," म्हणजे अगदी मजेत. मी काचेवर टकटक केली. तिने माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले आणि मग वर्गात गणिताच्या पायऱ्या सांगाव्यात तशा सपाट आवाजात एकेक सांगत गेली. पाठ, पॅड, ईशा, जमीन. शेवटी म्हणाली, "तुम्ही आलात त्या दिवशी आम्ही कमोड लपवला होता." मग नर्स हळूच म्हणाली, "तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं." खरंच होतं ते. बाहेर मी रडत होते, आणि पाऊस होता म्हणून बरं.

दुपारचा अर्धा तास मंजूर झाला. पत्र आलं, ईशाने ते फ्रिजवर लावलं. फक्त दुपारी पाठवायला त्यांच्याकडे माणूस नव्हतं. नाव यादीत आहे, कोणी मिळालं की कळवू. नोव्हेंबर गेला, नाताळ गेला. दर सोमवारी श्रीकांत फोन करायचा आणि पलीकडचं माणूस अगदी गोड बोलायचं. गोड बोलणाऱ्या माणसावर ओरडता येत नाही, हीच तर पंचाईत. फेब्रुवारीत मंजूने सकाळी उठणं सोडून दिलं. पडून पडून छाती भरली.

निर्बंध सैल झाल्यावर मागच्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले. नोरीनची फाइल श्रीकांतला आरोग्यखात्याला परत द्यायची होती, ती टेबलावर होती. घरी येणाऱ्याने रोज काय केलं ते लिहायची फाइल ती. मी पानं चाळली. ऑक्टोबरपर्यंत रोज तेच, "मंजिरी मजेत. ऑल ग्रँड." त्या फोननंतरच्या पानावर मात्र नोरीनच्या गोल अक्षरात होतं, "मंजिरी म्हणते, आज फार दुखतंय." दुसऱ्या दिवशी, "मंजिरी रडली. जवळ बसले." मग, "मंजिरीने मला विचारलं, दुपारचं कोणी मिळालं का." हे शेवटचं वाक्य पुढे जवळजवळ प्रत्येक पानावर आहे. जन्मभर झाकून ठेवलेलं ती शेवटी सांगायला शिकली होती, आणि ते सगळं एका फाइलीत नीट लिहून ठेवलेलं होतं.

पलंगाशेजारी चादरीखाली काहीतरी उभं होतं. "ती खुर्ची," श्रीकांत ओशाळून म्हणाला. "न्यायला कोणी आलं नाही अजून. तुम्ही येणार म्हणून झाकली." मी चादर काढली. घडी घालून पलंगावर ठेवली, आणि आम्ही दोघं चहा पीत तिथेच बसलो, ती समोर उघडी ठेवून. घड्याळात एक वाजत आला होता.