भिवराआत्याचं मानपत्र

भर दुपारी मानपत्राच्या कागदावरच माझी मान कलते. डोळे मिटतात, पण डोक्यातला राग काही मिटत नाही. भिवराआत्या जिवंत होती तोवर कुंभारवाड्यानं तिला हेकट म्हटलं, आगाऊ म्हटलं. का, तर बाईनं माती मळावी, चाकाला मात्र हात लावू नये, आणि ही विधवा बाई स्वतः चाक फिरवून मडकी घडवायची. ती जाऊन अकरा वर्षं झाल्यावर आता समाजाला तिचा पुळका आलाय. आज संध्याकाळी तिचा मरणोत्तर सत्कार आहे, आणि मानपत्र लिहायचं मी, तिच्या भाचीनं.

"काय लिवलंस, वाच की."

आत्या समोरच्या खुर्चीत बसली आहे, कोपरापर्यंत मातीनं भरलेली. मी वाचते, "असामान्य जिद्द."

"म्हंजी काय गं?"

मी शब्दकोशात पाहिलेलं सांगते. 'जिद्द' हा शब्द अरबीतून आलाय. तिकडे त्याचा अर्थ विरुद्ध, उलट बाजूचा.

आत्या काठीनं चाकाला गती देते. आम्ही तिच्या अंगणात आहोत. अंगणात सभागृहाच्या खुर्च्या मांडल्यात आणि पहिल्या रांगेत, हिची मडकी कुणी घेऊ नका म्हणून दारोदार सांगणारेच टाळ्या वाजवतायत. माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. मेल्यांना लाज कशी वाटत नाही, असं मी आत्याला म्हणते.

तिचे हात थांबत नाहीत. "इरुद्ध कुनाच्या, ते कुटं लिवलंयस?"

मी भराभर नावं घेते. पंचांची, शेजाऱ्यांची. ती सगळी ऐकून घेते.

"आन चाक कुनी फोडलं, शालन?"

मी खाली बघते. चाक आप्पांनी फोडलं. माझ्या वडिलांनी, तिच्या सख्ख्या भावानं. मी दारात उभी राहून बघत होते. इतकी वर्षं जगाला शिव्या घातल्या, पण हे कधी बोलले नाही. मला माझीच चीड येते.

आत्या ओलं मडकं माझ्या हातात देते. "धर. कच्चं हाय अजून." माझी बोटं त्यात रुततात.

मी जागी होते तेव्हा चार वाजलेत. तिसऱ्या मजल्यावरच्या या घरात साधी कुंडीसुद्धा नाही, आणि माझ्या नखांत ओली माती आहे.

हात न धुताच मी पेन उचलते. 'असामान्य' खोडते आणि ही जिद्द कुणाविरुद्ध होती ते लिहिते. सगळ्यात वर आप्पांचं पूर्ण नाव. त्यावर माझ्या बोटाचा डाग पडतो, तो मी तसाच ठेवते.

संध्याकाळी आप्पा पहिल्या रांगेत बसणार आहेत. मानपत्र मीच वाचणार आहे.