मामावर गेलेला भाचा

माझं मॅचिंग सेंटर आहे आणि मला लाल-हिरवा ओळखू येत नाही. हे गेल्या महिन्यात घरच्यांना कळलं, आणि ते हसून हसून दमले. मी कुणालाच न सांगितलेली गोष्ट वेगळी आहे. माझ्या भाच्यालाही हे रंग दिसत नाहीत, हे तो चौथीत असतानाच मला समजलं होतं. मी गप्प बसलो.

आधी दुकानाचं सांगतो, कारण लोकांना तेच खरं वाटत नाही. नाशकात मेन रोडच्या मागच्या गल्लीत, तीन भिंतींना छतापर्यंत ब्लाउजच्या कापडाचे तागे. बायका साडी घेऊन येतात, मी तिला जुळणारं कापड काढून देतो. सत्तावीस वर्षं हेच करतोय. कुठल्या नंबरची शेड कुठल्या खणात आहे ते मी डोळे मिटून सांगतो. उघडे ठेवून तसाही फारसा फायदा नाही. बाकी सगळं दोन वाक्यांवर भागतं. "ताई, शेडकार्डावर तुम्हीच बोट ठेवा," आणि "बाहेर उजेडात बघून घ्या." गल्लीत माझं नाव आहे, की हा माणूस स्वतःची आवड कुणावर लादत नाही.

माझी बहीण मनमाडला दिलेली. एका भाऊबीजेला मी तिच्याकडे गेलो, तर भाच्यानं आंब्याचं झाड काढलेलं, पानं सगळी तपकिरी. चित्र हातोहात फिरलं, सगळे हसले. माझ्या हातात आलं तेव्हा मी त्यात चूक शोधत बसलो. सापडेना. झाड चांगलं झाडासारखं होतं.

तेवढ्यात बहिणीची सासू म्हणाली, "हिनं ग्रहनात वांगं चिरलं व्हतं. पाचवा म्हैना व्हता. मी म्हनलं व्हतं, नको." बहीण उठून आत गेली. बराच वेळ आतून नुसता भांड्यांचा आवाज येत होता.

नाशकात परतल्यावर मी वाचनालयात जाऊन पुस्तक काढलं. ते मला कापडाच्या भाषेतच समजलं. हे रंग ओळखण्याची माहिती एक्स नावाच्या गुणसूत्रावर असते. बाईकडे एक्सचे दोन पीस. एक खराब निघाला तरी दुसऱ्यावर भागतं, तिला सगळे रंग दिसतात. पुरुषाकडे एकच, आणि तोही आईकडून आलेला. तो खराब, तर बदलून मिळत नाही. म्हणजे आमच्या आईकडचा खराब पीस मला आला, बहिणीलाही आला, आणि तिच्याकडून भाच्याला. प्रत्येक खेपेला छापा-काटा, बाकी काही नाही. वांग्याचा कुठेच उल्लेख नव्हता.

पुस्तक जागेवर ठेवलं आणि दुकान उघडलं. बोललो असतो तर पहिला प्रश्न मलाच आला असता, आणि रंगांधळ्याकडून मॅचिंग कोण घेतं? तिकडे दर ग्रहणाला बहिणीला ते वांगं ऐकावं लागलं. भाच्यानं रेल्वेचं इंजिन चालवायचं डोक्यात घेतलं, तीन वर्षं अभ्यास केला, लेखी परीक्षा पास झाला आणि मेडिकलला रंगांच्या तपासणीत बाद झाला.

मग बहीण त्याला घेऊन नाशकात आली, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला. मी सोबत. डॉक्टरीणबाईंनी ठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक काढलं. पहिल्या पानावरचा बारा भाच्यानं वाचला. पुढच्या पानांवर तो म्हणाला, "नुसते ठिपके."

"आईच्या माहेरी कुणाला असा त्रास?" बाईंनी विचारलं. "मामा वगैरे?"

बहीण हसलीच. "मामा हा काय बसलाय. त्याचं तर मॅचिंग सेंटर आहे."

मग तिनं आवाज खाली करून विचारलं, "डॉक्टर, ग्रहणात भाजी चिरली तर असं होतं का?"

तेरा वर्षं झाली होती त्या भाऊबीजेला, आणि ती अजून भांड्यांपाशीच उभी होती. मी म्हणालो, "ते पुस्तक जरा इकडे द्या."

पहिल्या पानावर बारा. दुसऱ्यावर नुसते ठिपके. तिसऱ्यावर नुसते ठिपके. चौथ्यावर भाचा म्हणाला, "मामा, मस्करी करू नको."

"मला तरी ठिपकेच दिसतायत रे."

"अरे, माझ्या मुंजीतला कुर्ता तू निवडला होतास."

"दादा, म्हणून माझ्या डोहाळजेवणाची साडी तशी होती?" बहीण म्हणाली, आणि तिला असं हसू फुटलं की तिनं टेबल धरलं. मग भाच्याला, मग मला. डॉक्टरीणबाई मात्र मान खाली घालून आपल्याच ब्लाउजकडे बघत होत्या. "अहो, हा पीस तुमच्याच दुकानातला आहे."

"चारशे बारा नंबर. तुम्हीच बोट ठेवलं होतं. बिनघोर वापरा."

मग त्याही हसल्या. कागदावर बायकांचे गोल आणि पुरुषांचे चौकोन काढून त्यांनी बहिणीला सगळं समजावलं, ग्रहणाचा काही संबंध नाही हे दोनदा सांगितलं, आणि इंजिन सोडलं तर रेल्वेत इतरही जागा असतात, हेही.

बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर बहिणीनं सासूला फोन लावला, स्पीकर चालू करून. "आई, वांग्यानं काही झालं नव्हतं. हे आमच्या दादाकडेही आहे."

पलीकडून आधी नुसतं "आं?" आलं. मग, "मंग मामावर गेला म्हन की. मी पहिल्या दिसापासून म्हनते, नाक बी त्याचंच हाय."

बहिणीच्या नाकातून रस आला. इतकी हलकी मी तिला लग्नानंतर पाहिली नव्हती. मलाही पाय जमिनीला लागत नाहीत असं वाटत होतं. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगावं, मला हिरवा दिसत नाही हो.

भाचा ग्लास ठेवत म्हणाला, "मामा, तुला कधी कळलं?"

आणि त्या हसण्याच्या भरात मी म्हणालो, "आत्ता, तुझ्याबरोबरच."

त्यानं मला टाळी दिली. दोघंही एकाच पुस्तकात सापडलो म्हणून त्याला आनंद झाला होता. इंजिनाची तीन वर्षं त्या घटकेपुरती तो विसरला होता, आणि मी त्याला विसरू दिलं.

परवा त्याचा फोन आला, रेल्वेच्या ऑफिसातल्या जागेचा फॉर्म भरलाय म्हणाला. मी आशीर्वाद दिला. मला आधीपासून माहीत होतं, हे तेव्हाही बोललो नाही. ते त्याला सांगायचं माझं देणं अजून बाकी आहे.