काटकोनकाकांचं उत्तर

गल्लीत त्यांना काटकोन म्हणत. फोटोंना फ्रेमा करणाऱ्या माणसाला हे नाव शोभतं खरं, पण ते धंद्यावरून पडलेलं नव्हतं, स्वभावावरून पडलं होतं. काटकोनकाका वाकायचे नाहीत. एकदा नाही म्हणाले की आभाळ खाली आलं तरी नाही. अशा माणसांना लोक मागे हसतात आणि समोर मान देतात. काकांना फक्त समोरचं दिसायचं, त्यामुळे आपलं बरं चाललंय असं त्यांना वाटे.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लाकडी पट्ट्या उभ्या टेकवलेल्या, मधे टेबल, टेबलावर काच कापायची हिरकणी, गोंदाचा डबा, बारीक खिळे. जमिनीवर भुसा आणि पुठ्ठ्याची कात्रणं. काकांच्या हाताची फ्रेम कोपऱ्यात उघडली असं कधी झालं नाही. मात्र त्यांचा एक नियम होता आणि तो हातोडीपेक्षा जुना होता. फोटो घेऊन आलेल्या माणसाला आधी माप विचारायचं नाही. फ्रेम करायला येणाऱ्यांत निम्मे लोक घरातलं कोणीतरी गेलेलं असताना येतात. त्यांना बसवायचं, कसे आहात विचारायचं, प्रकृतीची चौकशी करायची, आणि मग शेवटी, अगदी शेवटी, फोटोकडे हात करायचा. "कामाचं बोलणं शेवटी," ते म्हणत. "घाईने बोललेलं काम माणसाला लागतं."

हा नियम त्यांनी लेकीला दुकानात बसवून शिकवला. बायको लवकर गेली. पोर शाळेतून थेट दुकानात यायची, पुढे शाळा संपली तरी येत राहिली. फोटोभोवती पुठ्ठ्याची चौकट कापण्यात तिचा हात बापापेक्षा हलका झाला. काका हे तोंडाने कधी म्हणाले नाहीत, पण अवघड काम आलं की टेबलाच्या तिच्या बाजूला सरकवायचे. आपल्यामागे दुकान हीच बघणार असं त्यांनी धरून ठेवलं होतं. तिला विचारलं मात्र नव्हतं. घरच्या माणसाला काय विचारायचं, असा त्यांचा हिशेब.

आणि मग लेकीला परदेशातल्या एका चित्रांच्या दुकानात काम मिळालं. कागदपत्रांसाठी तिच्याबरोबर तिची मावशी हिंडली, म्हणजे काकांची मेहुणी. काकांना कळलं तेव्हा जायचा दिवस ठरलेला होता. त्या दिवशी काका जे बोलले ते गल्लीने ऐकलं. मेहुणीला म्हणाले, "आजपासून तुझी माझी सोयरीक संपली." लेकीला म्हणाले, "जायचं तर जा. पण तिकडे माझं नाव सांगू नकोस." बोलून झाल्यावर त्यांना वाईट वाटलं की नाही? वाटलं. पण काटकोन तो काटकोन.

लेकीने तिकडून एकदा फोन केला होता. "बाबा" एवढंच ऐकलं आणि काकांनी फोन ठेवला. वर नंबर पुसूनही टाकला. रागाच्या भरात माणूस फार टापटिपीने वागतो.

दोन वर्षं अशी गेली. मग एका सोमवारी, काका काच पुसत असताना, फोनवर संदेश आला. नंबर अनोळखी, लांबलचक. संदेश असा होता:

"बाबा, नमस्कार. कसे आहात? गुडघा कसा आहे? मी बरी आहे. एक विचारायचं होतं,"

पुढे काही नाही. काकांनी फोन उलटा केला, सुलटा केला. फोन जुना, बटणांचा, पण त्याचा काही दोष दिसेना. पोरीने विचारायला परवानगी मागितली आहे, असं त्यांनी ठरवलं. छाती जरा भरून आली, हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही. बराच वेळ बटणं दाबून त्यांनी उत्तर लिहिलं, "विचार." फोनने सांगितलं, संदेश गेला. काका कामाला लागले. त्या दिवशी एक काच वाकडी कापली गेली.

मंगळवारी दुसरा संदेश आला, आणि नंबर दुसराच.

"बाबा, नमस्कार. कसे आहात? खोकला गेला का? मी ठीक आहे. तुमचं उत्तर नाही,"

आता मात्र काकांचं डोकं फिरलं. उत्तर दिलं तर म्हणते नाही. वर दोन दोन नंबर. त्यांनी पहिला नंबर 'लेक' म्हणून ठेवला होता, हा 'लेक नवीन' म्हणून ठेवला आणि दोन्हीकडे लिहिलं, "उत्तर दिलं आहे. विचार." फोनने पुन्हा इमानदारीने सांगितलं, गेला. मग त्यांनी मनाचा हिय्या करून त्या नंबरावर फोनच लावला. पलीकडे एक बाई परक्या भाषेत एकच वाक्य बोलत होती. काका म्हणाले, "बाई, जरा मुलीला बोलवा." बाईने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. "मी तिचा बाप बोलतोय," काका म्हणाले. बाईवर त्याचा काही परिणाम झाला नाही, आणि फोन कट झाला. आपण जिच्यावर फोन आपटला तिने आपल्यावर आपटला, असं त्यांना वाटलं. पोरगी बापाची फिरकी घेते आहे, सूड उगवते आहे, असंही वाटलं. घेऊ दे. बुधवारी त्यांनी फोन गोंदाच्या डब्यामागे ठेवला आणि दिवसभर तिकडे पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण डबा उचलला नाही.

गुरुवारी सकाळी डब्यामागून आवाज आला. नंबर तिसराच.

"बाबा, नमस्कार. कसे आहात? जेवण वेळेवर करता ना? शुक्रवारपर्यंत सांगा, ना"

आणि तिथेच, शब्दाच्या मधोमध, तुटलं.

काका त्या तुटलेल्या टोकाकडे पाहत राहिले. असं तुटलेलं त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. चित्र पुठ्ठ्यात बसवताना कडेचा भाग खाली दबतो, कोपऱ्यातली चित्रकाराची सही अर्धी जाते. चित्रकाराने सही अर्धी केलेली नसते. झाकणारा झाकतो. पोरगी अर्धं बोलून थांबणारी नव्हती. मधे कुठेतरी कोणीतरी कापत होतं.

त्यांनी दुकान अर्धं बंद केलं आणि कोपऱ्यावरच्या रिचार्जवालीकडे गेले. ही बाई मोबाईल दुरुस्त करायची, रिचार्ज करायची आणि गल्लीतल्या प्रत्येकाचं फोनवरचं भांडण तिला माहीत असायचं. तिने तिन्ही संदेश वाचले आणि मान हलवली.

"काका, हे फोनवरून आलेले नाहीत. कम्प्युटरवर एक साईट असते, परदेशातून फोनने पाठवायला पैसे पडतात म्हणून लोक तिथून फुकटात पाठवतात. ती साईट दर वेळी आपला कुठलाही नंबर लावते. या नंबरामागे माणूसच नाही."

"मी उत्तरं पाठवलीत. गेली म्हणून सांगितलं फोनने."

"तुमच्या फोनातून गेली, ते खरं. पोचायला पलीकडे कोणी पाहिजे ना. दार म्हणून भिंतीवर टकटक केलीत तुम्ही."

"आणि हे तुटलेलं?"

"आपल्या लिपीत लिहिलं की काना-मात्रा धरून सत्तर अक्षरं मावतात. पुढचं साईट कापून टाकते. तिला तिकडे कळतही नसेल. तिला वाटत असेल सगळं पोचलं, बाबा मुद्दाम गप्प बसलेत." ती पुन्हा वाचून हसली. "काका, सगळी जागा तुमच्या चौकशीतच गेली हो. गुडघा, खोकला, जेवण. कामाचं आधी लिहिलं असतं तर मावलं असतं."

काकांनी तिन्ही संदेश पुन्हा वाचले. पोरीने कामाचं बोलणं शेवटी हा त्यांचा नियम तिकडेही पाळला होता. तिच्या आज्ञाधारकपणानेच तिचं तोंड बांधलं होतं, आणि बांधणारे हात आपले होते.

"उद्या शुक्रवार," रिचार्जवाली म्हणाली. "हा 'ना' म्हणजे 'नाहीतर' असणार. तिचा खरा नंबर घरात दुसऱ्या कोणाकडे नाही?"

"नाही," काका म्हणाले.

हे खोटं होतं, आणि रिचार्जवालीलाही ते माहीत होतं. दोन गल्ल्या सोडून मेहुणी राहत होती. तिच्याकडे नंबर होता हे काकांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. 'लेक' आणि 'लेक नवीन' यांच्यासाठी बटणं दाबत बसण्यापेक्षा दोन गल्ल्या चालणं सोपं होतं, पण ते सोपं काम त्यांना जमत नव्हतं. दुकानात परत येऊन त्यांनी एक पट्टी कापायला घेतली, मग ठेवून दिली. मागच्या फळीवर एक फ्रेम कागदात गुंडाळून पडली होती. मेहुणीचा आणि तिच्या मोठ्या बहिणीचा, म्हणजे काकांच्या बायकोचा, लहानपणचा फोटो. भांडणाच्या आधी ती फ्रेमला टाकून गेली होती. काकांनी काम वेळेत केलं होतं. ती न्यायला आली नाही, आणि त्यांनी निरोप धाडला नाही.

संध्याकाळी फ्रेम काखेत घेऊन ते निघाले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं वाटेत मनात आलं. पण यात गाढव कोण, हे त्यांना चांगलंच कळत होतं.

मेहुणीने दार उघडलं.

"कशी आहेस?" काका म्हणाले. "तब्येत बरी ना? पाठ दुखायची तुझी—"

"भावजी, दोन वर्षांनी दारात येऊन पाठ काय विचारताय? कामाचं बोला."

"तिचा नंबर पाहिजे."

"एक दिवस याल, हे मी म्हणतच होते," मेहुणी म्हणाली. "काय काय सुनवायचं तेही पाठ करून ठेवलं होतं. आता तुमचं तोंड बघून मजाच गेली. ती रोज विचारते, बाबा काही बोलले का. मी म्हटलं, मी काही त्यांच्या दारात जायची नाही. चुकलंच माझंही. या आत."

तिने स्वतःच फोन लावून त्यांच्या हातात दिला. घंटी वाजत होती. काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"मावशी, बाबांचं काही कळलं का गं?" लेक थेट बोलली. "पाटीवाला उद्या येतोय."

"हो," काका म्हणाले.



"बाबा?"

"हो म्हणतोय. तू जे विचारलंयस त्याला हो."

"काय विचारलं ते पोचलं तुम्हाला?"

"नाही. कापलं गेलं. नुसती चौकशी आली."

"मग हो कशाला म्हणताय? आधी ऐका तरी. तुमचा गुडघा—"

"गुडघा मरू दे. कामाचं सांग."

आपलाच नियम मोडताना त्यांना काही वाटलं नाही. लेकीने सांगितलं. तिथलं काम सोडून तिने स्वतःचं छोटं दुकान घेतलं होतं. फ्रेमांचंच. दाराच्या वरची पाटी रंगवून हवी होती. "तुमचं नाव लावायचं होतं, बाबा. जाताना तुम्ही नको म्हणाला होतात, म्हणून विचारलं. नाहीतर उद्या दुसरंच कुठलं तरी नाव रंगवावं लागणार होतं."

काका खुर्चीवर बसले. मेहुणी फोटोची फ्रेम घेऊन भिंतीवर खिळा शोधायला लागली. खिळा समोरच होता, पण ती बराच वेळ शोधत राहिली. काकांना रडू येत होतं आणि आनंदही झाला होता, आणि दोन्ही एकदम आलं की काय करायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

"पाटी केवढी आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दाराएवढी रुंद."

"मग अक्षरं फार मोठी करू नकोस. दोन्ही कडांना जागा सोड. कडेचं अक्षर पट्टीखाली जातं."

"माहीत आहे, बाबा. तुम्हीच शिकवलंय."

"मग मला विचारतेस कशाला," काका म्हणाले, आणि या वेळी फोन ठेवला नाही.