विहिरीतलं निळं

पाणी सांडलं की माणसं फडकं शोधतात. माझे धाकटे दीर चपला शोधायचे. ते पाणी निघालं कुठे, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. दोंडाईच्याला त्यांच्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर हात धुतलेलं पाणी उंबऱ्याखालून निघालं आणि त्यामागोमाग नवरदेवही. पोह्यांच्या बशा निवल्या, मुलगी बाहेर येऊन परत आत गेली, आणि दीर मागच्या गल्लीतून ओरडतायत, "वहिनी, पानी आठून वळनं, देखा!" सोयरीक तिथंच मोडली. पाऊस उघडला की स्वारी नाल्यावर. रात्रीतून काठाचा लचका कुठे तोडला, गाळ कुठे टाकला, वाळू कुठल्या वळणावर निजवली, ही बातमी चहाआधी घरात. चहाही उभ्यानंच, बसलं तर नाला पुढे निघून जाईल ही धास्ती.

साक्रीजवळच्या आमच्या शेताच्या वरच्या अंगाला, त्या नाल्याच्या तळात, काळ्या खडकाला एक भगदाड होतं. भोवरा करून पाणी त्यात गडप व्हायचं. सासऱ्यांनी ते दगडमातीनं बुजवायचं ठरवलं, म्हणजे पाणी खालच्या वावरापर्यंत पोचेल. दीर आडवे आले. "आबा, हाई पानी खडकमाईन आपलीच विहीरमा जास. भोक बुजाडं ते विहीर आटी जाई!"

"दखाड मंग," आबांनी पुरावा मागितला.

दिरांनी धोतरांना घालायची नीळ, होती नव्हती तेवढी, भगदाडात ओतली आणि मला विहिरीवर पहाऱ्याला बसवलं. मी नवी नवरी, त्यात मॅट्रिक; घरात अक्कल एकटीला वाटून आली आहे असा माझा समज. काठावरून वाकून बघते तर काय, खाली निळंच निळं! अशी किंचाळले, की भगदाडाशी उभे गडी फावडी टाकून पळत आले. आबांनी बादली शेंदली. पाणी स्वच्छ! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या निळ्याभोर पातळाकडे, आणि हसता हसता खालीच बसले. "ऱ्हाऊ द्या रे ते भोक! या दोन्ही येडास्नं शे."

भगदाड राहिलं. खरी नीळ काही आली नाही. "पानीले घाई नही शे, वहिनी," म्हणत दीर स्वतः मात्र नाला ते विहीर, विहीर ते नाला, वर्षानुवर्षं.

आता त्यांचे गुडघे गेले. खाटेवर नुसती चुळबुळ. पाय पडल्या पडल्या चालतच असतात. उन्हाळ्यात विहिरीचा तळ उघडा पडतो, तेव्हा कितीही वाका, नुसते धोंडे दिसतात. पण नाला वाहू लागला की चार दिवसांनी हाक येते, "वहिनी, निळं दिसनं का?"

मी निळं लुगडं नेसते. नातसून हसते, "आजी, विहिरीवर जायला एवढा थाट?" तिला काय सांगू? काठी टेकत जाते, वाकते, खाली पाणी असेल तरच निळं हलतं. हे आम्हा दोघांनाच ठाऊक.

"दिसनं, भाऊजी," मी येऊन सांगते. मग थोडा वेळ ते पाय थांबतात.