या भागात फोन आहे

"आधी सांगते हं," असं म्हणत ती डब्याचं झाकण अर्धंच उघडायची. "कारलं आहे. नको असेल तर आत्ताच सांग." सिंगापुरात चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसात मराठी अशा आम्ही दोघीच. त्यामुळे कारल्याची ही सूचना रोज माझ्याच वाट्याला. तुमच्याही ऑफिसात अशी एखादी असेल.

दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि वुडलँड्सच्या घरून येताजाता एमआरटी मेट्रोत बसून फोनवर गोष्ट लिहायची, हा तिचा क्रम. एक मराठी मालिका कधीच बंद पडली होती. तिच्यातल्या माणसांना ही पुढे जगवत होती. याला फॅन फिक्शन म्हणतात, हेही मला तिनंच सांगितलं. दर रविवारी एका वेबसाइटवर नवा भाग यायचा. वाचक मोजकेच, पण हिला त्यांची काळजी किती! प्रत्येक भागाच्या वर सूचना असायची: 'या भागात दवाखाना आहे. सासूचा अपमान आहे. कुत्र्याला काही होत नाही.'

मी तिला फार छळलं त्यावरून. "अगं, सगळं आधीच सांगितलंस तर गोष्टीत उरलं काय? उद्या लिहिशील, या भागात पोहे आहेत, कांदा न खाणाऱ्यांनी पुढच्या भागावर जावं."

ती हसली नाही. "वाचणारी कुठल्या दिवशी वाचायला बसलीय, मला काय माहीत? दार लोटायच्या आधी कडी वाजवावी माणसानं."

मला ते फाजील लाड वाटले.

मग माझे बाबा गेले. पुण्याहून भावाचा फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. "ताई, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. तो तरी दुसरं काय म्हणणार? पण त्यानंतर फोन वाजला की माझे हात गार पडायला लागले. आवाज बंद करून मी तो पर्सच्या तळाशी ठेवू लागले. कुणाला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

काही महिन्यांनी रविवारचा भाग उघडला. वर लिहिलं होतं: 'या भागात फोनवरून वाईट बातमी येते, चौथ्या परिच्छेदात. तो सोडला तरी गोष्ट कळेल.' ती सूचना कुणासाठी होती हे मला न सांगता कळलं. चौथा परिच्छेद मी सोडला आणि बुओना व्हिस्टाच्या माझ्या फ्लॅटमध्ये एकटी बसून मनसोक्त रडले. सोमवारी तिला म्हटलं, "वाचला भाग." ती म्हणाली, "आधी सांगते हं, आज पडवळ आहे."

पुढे ती आजारी पडली, ऑफिस सुटलं. भेटायला गेले की उशीला टेकून लिहीत असायची. शेवटच्या भागावर सूचना होती: 'ही गोष्ट अपुरी राहणार आहे. ज्यांना सोसणार नाही त्यांनी मागच्या भागापाशी थांबावं. तिथे सगळे जेवायला बसलेत.' मी तिथेच थांबले. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवसांत मला तिच्या जाण्याइतकीच त्या फोनची भीती वाटत होती.

एका शनिवारी सकाळी दाराची बेल वाजली. बाहेर तिची कॉलेजातली मुलगी उभी होती, डोळे सुजलेले. वुडलँड्सहून मध्ये गाडी बदलून एकटीच आली होती.

"मावशी, यू सिट फर्स्ट, कॅन?"

मी बसले. शेजारी बसून तिनं माझा हात धरला.

"आई म्हणाली होती, मावशीला फोन नाही करायचा. जाऊन बेल वाजवायची. तिला बसवायचं. मग सांगायचं."

आणि मग तिनं सांगितलं.