चहानंतरची बाजू

उज्जैनमध्ये फुटबॉलवर बोलायला माणूस मिळणं कठीण. क्रिकेटवर बोलणारे पोह्याच्या गाडीपासून दवाखान्यापर्यंत कुठेही भेटतात, नको असतानासुद्धा. मला मात्र देवाने नेमकी दोन माणसं दिली. एक माझी मुलगी आणि दुसरा भैरवगढचा एक छीपा, म्हणजे कापडावर लाकडी ठप्प्यांनी छपाई करणारा कारागीर. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याच्या कारखान्यात चादर घ्यायला गेलो होतो. भिंतीवर इंग्लंडमधल्या एका क्लबच्या कप्तानाचा फोटो दिसला आणि चादर राहूनच गेली.

तो क्लब कोणता ते सांगत नाही. फार जिंकत नाही, एवढं पुरे. मी सरकारी शाळेत भूगोल शिकवायचो. तीस वर्षं पोरांना नकाशावर नद्या आणि बंदरं दाखवली, स्वतः मात्र इंदूरच्या पलीकडे गेलो तो नाइलाजानेच. आमचे पूर्वज दरबारच्या चाकरीत इथे आले, त्यानंतर घराण्यात कुणाला हलायचं सुचलंच नाही. या न हलण्याचा मला अभिमान होता. ज्यात आपलं काही कर्तृत्व नसतं त्याचाच माणसाला जास्त अभिमान असतो, हे मला फार उशिरा कळलं.

शनिवारी संध्याकाळी मॅच बघायची आणि रविवारी सकाळी कारखान्यात जमायचं, असा आमचा परिपाठ. त्याची सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे रविवारी त्याचे हात चालू असायचे. ठप्पा रंगात बुडवायचा, कापडावर ठेवायचा, वरून मूठ मारायची आणि तेवढ्या वेळात माझं म्हणणं खोडून काढायचं. एकदा एका पेनल्टीवरून आमचं इतकं वाजलं की दीड महिना बोलणं बंद. शेवटी माझ्या मुलीने, तेव्हा ती कॉलेजात होती, दोघांना समोर बसवलं आणि नियम घालून दिला. "हाफटाइमनंतर संघ बाजू बदलतात ना? मग तुम्हीपण बदला. चहा झाला की ज्याने जे म्हटलं त्याच्या उलट बोलायचं. आणि मनापासून. जो पाट्या टाकेल तो कपबश्या धुवेल."

हा नियम आम्हाला फारच मानवला. चहाच्या आधी माणूस स्वतःचं बोलायचा आणि चहानंतर समोरच्याचं. भांडणं थांबली. वर मला एक खोड लागली, चहानंतर मी जास्त चांगलं बोलायला लागलो. स्वतःचं मत मांडताना माणूस अडखळतो, दुसऱ्याचं मांडताना वकील होतो.

चार वर्षांपूर्वी बायको गेली. त्यानंतर मुलगी दर रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून भैरवगढला न्यायला लागली. ती फिजिओथेरपिस्ट. फ्रीगंजमधल्या एका क्लिनिकमध्ये म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवते आणि सरळ करते. लहानपणापासून तिला खेळाडूंबरोबर काम करायचं होतं, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि लक्षात ठेवणं यात फरक आहे. घरात आम्ही दोघंच. रात्रीचं जेवण, शनिवारची मॅच, रविवारचा वाद. माझा संसार एवढाच उरला होता आणि मला तो पुरत होता.

त्या उन्हाळ्यात आमच्या कप्तानाला एका बड्या क्लबचं बोलावणं आलं. आठ वर्षांचा असताना आमच्या क्लबने त्याला उचललेला, तिथेच वाढलेला. राहावं की जावं, यावर तिकडे इंग्लंडात रणं माजली होती आणि इकडे भैरवगढात.

मुलगी एरवी पंच असायची. त्या दिवशी म्हणाली, "आज मी खेळते." चहाच्या आधी मी आणि छीपा एका बाजूला, कप्तानाने राहावं म्हणून. ती एकटी समोर, त्याने जावं म्हणून. मी म्हटलं, "त्याचा गुडघा मोडला होता तेव्हा क्लबने वर्षभर वाट पाहिली. निष्ठा म्हणजे काय, दुसरीकडून बोलावणं येईपर्यंतची सोय?" छीपा म्हणाला, "बेटा, जिस घर का नमक खाया, उसको पीठ नहीं दिखाते." मुलगी जे बोलली ते मला आता नीटसं आठवत नाही. मी ऐकतच नव्हतो, उत्तर जुळवत होतो.

मग चहा आला, पोहे आले, पोह्यांवर शेव आली. पोटोबा झाल्यावर आम्ही बाजू बदलल्या. आता त्याने राहावं हे मुलीने मांडायचं होतं. ती कपाकडे बघत म्हणाली, "स्टँडमध्ये त्याच्या वडिलांची एक जागा आहे. आई नाहीये. वडील दर मॅचला एकटे येतात, त्याच्यासाठीच. तो गेला तर ते कुठे जातील? शनिवारी ते काय करतील?"

कप्तानाच्या आईवडिलांविषयी आम्हाला काडीची माहिती नव्हती. तरी मला तिथेच थांबायला हवं होतं. पण मला सुरसुरी आली होती. मी मांडी सावरून बसलो आणि म्हटलं, "बापाने घरी टीव्हीवर बघावं. मुलगा बापाला सोबत म्हणून जन्माला येत नाही. ज्याला एकटं राहायची भीती वाटते त्याने ती स्वतः निभवावी, पोराच्या पायात बांधू नये. आणि अशा भीतीला जो प्रेम म्हणतो तो बाप लबाड आहे."

छीप्याचा हात ठप्प्यावरच थांबला. इतकं चांगलं मी शाळेतही कधी बोललो नव्हतो. मी शाबासकीसाठी मुलीकडे पाहिलं. ती उठली होती. कपबश्या कुणी धुवायच्या हे कुणी ठरवलंच नव्हतं, तिने त्या गोळा केल्या आणि नळाखाली धुऊन ठेवल्या.

घरी येताना रस्त्यात दर्शनाला आलेल्यांच्या गाड्यांची ही गर्दी. आम्ही नेहमीसारखे लांबून, नानाखेड्याकडून निघालो. ती पुढे बघूनच म्हणाली, "बाबा, केरळातल्या एका फुटबॉल अकादमीचं पत्र आलंय. मला घेताहेत. दहा दिवस झाले, तुम्हाला सांगायचं धाडस होत नव्हतं. आज तुम्ही बोललात आणि मला इतकं हलकं वाटलं."

मी मागे बसलेला. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, हेल्मेट तेवढं दिसत होतं. आणि मी म्हटलं, "अगं, ते तर नियमाप्रमाणे बोललो."

"हो," ती म्हणाली. "माहीत आहे." मग गतिरोधक आला, तिने वेग कमी केला, आणि आम्ही घरी आलो.

त्या विषयावर पुढे एक अक्षर निघालं नाही. तिने नकार कळवला असणार हे मला तिच्या वागण्यावरून समजलं. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. मला आनंद झाला होता. हे लिहायला लाज वाटते, पण झाला होता. योगायोग असा की त्याच आठवड्यात कप्तानाने क्लबशी नवा करार केला. मी अर्धा किलो जिलबी घेऊन एकटाच रिक्षाने भैरवगढला गेलो. छीप्याने एक जिलबी तोंडात टाकली आणि विचारलं, "बिटिया नहीं आई?" मी सांगितलं, क्लिनिकमध्ये काम आहे. क्लिनिक रविवारी बंद असतं.

त्यानंतर ती आलीच नाही. शनिवारी मी टीव्ही लावला की ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या करायची. मी गोल झाल्याचं ओरडून सांगायचो, ती "हो का" म्हणायची. जेवायला समोरासमोर बसायचो. भाजीत मीठ बरोबर आहे का, सिलेंडर कधी लावला, असलं बोलणं. ती कधी तुटक वागली नाही, माझी औषधं वेळेवर काढून ठेवायची. पण तिच्या हसण्याचा आवाज घरात महिनोन् महिने ऐकला नाही. बायको गेल्यावर मी एकटा पडलो असं लोक म्हणायचे. तसं काही नव्हतं. एकटा मी त्या दिवसांत पडलो, पोर चार पावलांवर असताना.

थंडीचे दिवस आले. एका रविवारी आमचा वाद रंगेना. एका कॉर्नर किकवर दोघं चार वाक्यं बोललो आणि गप्प झालो. छीपा ठप्पा पुसत म्हणाला, "गुरुजी, एक बात पूछूँ? उस दिन चाय के बाद आपने बाप वाली जो बात कही थी, वो झूठ थी क्या?"

मी म्हटलं, "क्यों?"

"मेरा बड़ा लड़का सूरत की मिल में है. छपाई छोड़ के गया तो मैंने तीन साल बात नहीं की. आपको भी नहीं बताया, शरम आती थी. उस दिन आपकी बात सुनी तो शाम को फ़ोन लगा दिया. बोला, जहाँ है, ख़ुश रह. अब इतवार को ख़ुद फ़ोन करता है." त्याने ठप्पा खाली ठेवला. "मैंने तो सच समझा था."

त्या रविवारी मी वाक्यं जुळवली, टाळ्या हव्या होत्या म्हणून बोललो, आणि त्या बोलण्याने एका घरातलं तीन वर्षांचं कुलूप उघडलं. माझ्या घराला मी त्याच दिवशी स्वतःच्या हाताने लावलं. मी त्याला केरळच्या पत्राचं सांगितलं. स्कूटरवर मी काय बोललो तेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तो यहाँ क्या कर रहे हो? घर जाओ."

चहा यायचा होता. मी तसाच उठलो.

मुलगी ओट्यापाशी कणीक मळत होती. मी दारातूनच म्हटलं, "मी लबाडी केली. ते नियमाप्रमाणे नव्हतं, खरं होतं. खरं होतं म्हणूनच मला झोंबलं. तू केरळात कळव, येते म्हणून."

तिने मागे वळून पाहिलं नाही. "ती जागा भरली, बाबा. सहा महिने झाले."

मी तिथेच स्टुलावर बसलो. गेलेला घास परत ताटात आणता येत नाही. कणकेचा गोळा झाकून ती म्हणाली, "आयझॉलला एक जागा आहे. छोटी अकादमी आहे. लांब आहे फार." नकाशावर आयझॉल मी शेकडो पोरांना दाखवलं होतं, छडीचं टोक टेकवून. ते इतकं लांब असेल असं कधी वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "आज लिही." तिने हात धुतले आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मी खरं बोलतोय का ते ती बघत होती. आपल्या पोटच्या पोरीला हे तपासून बघावं लागतं, याची मला फार शरम वाटली.

होळी झाल्यावर ती गेली. इंदूरच्या विमानतळावर सोडायला गेलो, तिने काचेपलीकडून हात केला, मी केला. परत येताना टॅक्सीवाल्याने दोनदा काहीतरी विचारलं, मला दोन्ही वेळा ऐकू आलं नाही.

आता ती तिथे सोळा-सतरा वर्षांच्या पोरींचे घोटे आणि मांड्या सांभाळते. फोनवर बोलताना मागे मैदानाचा गलका असतो. शब्दावर शब्द चढवून बोलते, लहानपणी बोलायची तसं. ते ऐकून मला बरं वाटतं. फोन ठेवला की घर पुन्हा गप्प होतं. भैरवगढला अजून जातो. जाणं-येणं रिक्षाने. भाजी एकाच माणसाची करायची म्हणजे किती, हे मला अजून जमलेलं नाही, रोज उरते आणि रोज संध्याकाळी तीच खातो. शनिवारी मॅच बघतो. गोल झाला की काही क्षण कुणाला सांगावं ते कळत नाही.

परवा तिचा फोन आला. नेहमीसारखं विचारलं, "कसे आहात?" मी नेहमीसारखं "मजेत" म्हणणार होतो. तोंडून निघालं, "करमत नाही गं." वर्षभरात पहिल्यांदा.

मागचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी शिट्टी वाजवली. मग ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मी येऊ का परत? खरं सांगा."

मी एकदा "ये" म्हटलं असतं तर ती आली असती. हे मला माहीत होतं आणि तिलाही. घरात कुठेही नजर टाकली तरी मला ती हवीच होती.

"नको," मी म्हटलं.